कुंपणाबाहेरची बॅग

“मग यात खोट कुठे आहे, तेवढं सांगा,” ऋत्विजने पुन्हा विचारले.

मठाच्या ओसरीवर लॅपटॉप उघडा होता. आनंदबुवा कफनीच्या टोकाने चष्मा पुसत होते. कफनी अंगावर येण्याआधी बुवा गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होते. झॉम्बी, म्हणजे ती चालती-फिरती प्रेते, अंगावर आली की त्यांना थोपवणारे तळ रचण्यात बुवांचा हात कुणी धरू शकत नसे. म्हणून तर हा पठ्ठ्या दोन बस बदलून टेकडी चढून आला होता. शिकायला आलो म्हणत होता. खरे तर त्याला शाबासकी हवी होती.

पडद्यावर त्याचा तळ होता. चारी बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, बाहेर खंदक, आणि खंदकापलीकडे विजेच्या तारांचे कुंपण.

“वर्षभरात एकही झॉम्बी आत आलेला नाही, बुवा.”

“छान.”

“नुसतं छान?”

“आणि माणूस?”

“माणूस कोण येणार? सर्व्हर आमच्या दोघांचाच आहे. मी आणि माझा मित्र दिगू.”

बुवांनी माउस हातात घेतला आणि तळ फिरून पाहिला. वरच्या मजल्यावर दोन पलंग होते. मग ते कुंपणाबाहेर गेले. तारेला लागून, गवतात एक बॅग पडली होती. या खेळात माणूस मेला की त्याचे सामान असे मागे उरते.

“ही कुणाची?”

“दिगूची.”

“उचलली नाहीस?”

“त्याची आहे. तो आला की घेईल.”

“तारेवर गेला का?”

“मागे झॉम्बी लागले होते. पळत आला. करंट चालू होता.”

“बंद कुठून करतात?”

“बटण आत आहे. माझ्या खुर्चीजवळ.”

“त्याने हाक मारली नाही?”

“मारली.”

“तुला ऐकू आली नाही?”

“आली.” ऋत्विजने मान खाली घातली. “पण करंट बंद केला असता तर त्याच्यामागून सगळे आत शिरले असते. तळ गेला असता, बुवा.”

“तळ राहिला.”

“राहिला...”

त्या दिवसापासून दिगू खेळायला आला नव्हता. फोन केला तर ‘बघू’ म्हणायचा. ऋत्विज मात्र रोज संध्याकाळी तळात जाऊन बसे, तारा तपासे, हेडफोन लावून वाट बघे. पलीकडून कुणी बोलत नसे. एवढा भक्कम तळ, आणि त्यात याला जेवणसुद्धा गोड लागेना. हे तो बुवांना सांगणार नव्हता, पण आता त्याचे डोळे भरून आले आणि लपवायला काही उरले नाही.

“परवा त्याचा मेसेज आला,” तो म्हणाला. “रविवारी येतो म्हणालाय. एकदाच, बघायला. या वेळी काही चुकलं तर तो परत यायचा नाही. म्हणून विचारतो... तारांची अजून एक रांग लावू?”

बुवांनी माउस पुन्हा हातात घेतला.

त्यांनी खुर्चीजवळचे बटण काढले. वायर भिंतीवरून नेली, खंदकावरून नेली, कुंपणाच्याही पलीकडे नेली. तिथे एक खांब रोवून त्यावर बटण बसवले. शेजारीच ती बॅग होती.

ऋत्विज ताडकन उठला. “बुवा, हे काय केलंत? बटण बाहेर? अहो, सगळे झॉम्बी तर तिथेच येऊन जमतात!”

बुवांनी लॅपटॉप मिटला आणि त्याच्या हातात दिला.

“मेलेली माणसं बटण दाबत नाहीत, बाळा.”