शून्य सेकंद

“पण बुवा, तुम्ही तोंड उघडलं की नेमका तेव्हाच तो का बोंबलतो? आणि तुम्ही गप्प बसलात की तोही कसा गप्प?”

संग्राम खराडे हे विचारत होता आणि विचारता विचारता कॉम्प्युटरच्या पोटात टॉर्च मारून बघत होता.

रावजीबुवा भिंतीला टेकून बसले होते. गळ्याभोवती मफलर, पुढ्यात पाटावर मायक्रोफोन.

“पंखे तर झकास आहेत. चार आहेत, चार! दोन पुढून थंड हवा आत घेतात, एक मागून गरम हवा बाहेर टाकतो, एक प्रोसेसरच्या डोक्यावर. कालच पुसलेत. मग अडतंय कुठं?”

...

“का तुमच्या आवाजाशीच वाकडं आहे त्याचं?”

बुवांचे ओठ आता कुठे हलले होते. पुढचा प्रश्न आला तसे ते परत मिटले. संग्रामला हे दिसलं नाही. टॉर्चच्या उजेडाबाहेरचं त्याला एरवीही फारसं दिसत नसे.

मठ म्हणजे काय, कालव्याकाठच्या पत्र्याच्या दोन खोल्या. रावजीबुवांनी तीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. निवृत्त झाले त्या दिवशी घोंगडी आणि तांब्या घेऊन इथे येऊन बसले ते बसलेच. लोक येत, विचारत. बुवा थोडं बोलत. तेवढ्यावर लोक निम्मं ओझं उतरल्यासारखे परत जात.

आता त्यांच्या घशात गाठ झाली होती. सोमवारी शहरात ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आवाजाची पेटीच काढावी लागेल. माणूस जगेल, आवाज जाईल.

आज शनिवार, दुपारचे तीन.

म्हणून संग्रामने कॉम्प्युटर आणला होता. तालुक्याच्या गावात त्याचं दुकान होतं. आपल्यासारखं मशीन चार जिल्ह्यांत कोणी बांधत नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. वैताग याचा, की ते खरं होतं. बुवांचा आवाज भरून ठेवायचा, त्यातला घोगरेपणा, खोकला काढून तो आरशासारखा स्वच्छ करायचा, असा त्याचा बेत होता. सकाळपासून एक अख्खं वाक्य हाती लागलं नव्हतं.

बुवा म्हणत, “माणसानं...” की कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून घूंऽऽऽ.

बुवा थांबत. घरघर थांबे.

बुवा म्हणत, “आपलं...” की पुन्हा घूंऽऽऽ.

सगळं भरलेलं ऐकून बघावं तर बुवा कुठे, नुसती पिठाची गिरणी.

“उचला की ते मशीन, न्या वसरीवर!” आतून हौसाबाई म्हणाल्या. त्या मठातला स्वयंपाक बघायच्या आणि वेळ पडली तर माणसंही बघायच्या. “एवढं डोकं लावायचं काय त्यात!”

“न्यायचा न्हाई,” बुवा म्हणाले. “हितंच ऱ्हाईल. त्याला बी ऐकू दे.”

झालं! आता याला काय म्हणावं? संग्रामने कपाळावर हात मारला. पंखे बंद करूनही त्याने पाहिलं होतं. सातव्या मिनिटाला मशीन तापून धाडकन बंद पडलं आणि बुवांचा सात मिनिटांचा आवाज त्यासोबत गेला. सात मिनिटं! सोमवारनंतर तेवढ्यासाठी तो काय वाट्टेल ते द्यायला तयार झाला असता.

बुवा उठले. कॅबिनेटजवळ बसले. उघड्या बाजूने हात आत नेला आणि चुलीवरच्या तव्याचा अंदाज घ्यावा तसा प्रोसेसरच्या कडेला धरला.

“हात सांभाळा, बुवा!”

“तापलाय कुठं?” बुवा म्हणाले.

“अहो, आता नाही तापलेला. तुम्ही बोललात की तापतो. हे बघा ना.” त्याने पडद्यावरचा आकडा दाखवला आणि पाटासकट मायक्रोफोन बुवांपुढे सरकवला. “आता अठ्ठेचाळीस अंश आहे. बोला काहीतरी.”

“काय बोलू?”

आकडा टुणकन एकसष्टवर गेला. घूंऽऽऽ! पुढच्या क्षणी एकावन्न, मग अठ्ठेचाळीस. पंखे धापा टाकत निवले.

“बघितलंत? तुमचा आवाज आला की प्रोग्रॅम तो साफ करायला घेतो. त्या एका क्षणात प्रोसेसरवर काम पडतं. आकडा चढतो. पंख्यांना मी शिकवून ठेवलंय, एक अंश चढला की धावायचं. माझे पंखे झोपा काढत नाहीत, बुवा. निमिषात हजर!”

हे सांगताना त्याची छाती जराशी फुगलीच.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले...

“म्हणजे शिकवण बरोबर आहे. आकडाही बरोबर आहे.” संग्राम डोकं खाजवू लागला. “सगळंच बरोबर आहे. मग चुकतंय काय?”

...

“बुवा, मी तुम्हाला विचारतोय.”

...

“बरं, राहू द्या.”

हे असंच व्हायचं. सहा वर्षं तो मठात येत होता आणि सहा वर्षं त्याची एकच तक्रार होती: बुवा सगळ्यांना उत्तर देतात, मलाच देत नाहीत. टेंपोवाल्याला देतात, मेंढरंवाल्याला देतात. मला बघितलं की तोंडाला कुलूप. मी काय घोडं मारलंय यांचं?

आणि त्याचा प्रश्न काही आभाळातला नव्हता.

सहा वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. दहाव्याला घाटावर सगळे भाऊबंद जमले होते. थोरला भाऊ उदय रडता रडता म्हणाला, “शेवटपर्यंत म्हाताऱ्याला मीच सांभाळलं.” आणि संग्रामच्या तोंडून, विचार मनात यायच्याही आधी, सुटलं, “सांभाळलंस, मग मेला कसा?”

उदयने भिजलेला पंचा पिळला, खांद्यावर टाकला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो धाकट्याशी एक शब्द बोलला नाही. दोघांच्या घरांत चार किलोमीटरचं अंतर. दिवाळीत संग्रामची बायको फराळाचा डबा पाठवायची, तो रिकामा धुऊन परत यायचा. बस्स, एवढंच नातं उरलं होतं.

दादाला काय म्हणू? हाच तो प्रश्न. सहा वर्षांत त्याने तो शंभरदा विचारला असेल. बुवा गप्प. मग हाच म्हणायचा, माफी मागू का, की पत्र लिहू, का मामांना मध्ये घालू, बरं राहू द्या.

“तुझी ती शिकवणीची पाटी दाव,” बुवा एकदम म्हणाले.

“कसली पाटी?”

“पंख्याला शिकवलंस न्हवं? ती.”

संग्रामने मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होतानाच पंख्यांच्या मांडणीचा पडदा उघडला. किती अंशाला किती वेग, याची चढती रेघ होती. बुवांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. तीस वर्षं त्यांनी आकड्यांकडेच बघून काढली होती. बोट रेघेवरून खाली आलं आणि कोपऱ्यातल्या एका चौकटीवर थांबलं.

“हे शून्य कशाचं?”

“ते? ते काही नाही. आकडा चढल्यावर पंख्याने किती सेकंद थांबून मग वेग घ्यायचा, ते. मी शून्य ठेवलंय. थांबायचं कशाला?”

बुवा हसले. घशात दुखलं असावं, कारण हसू मध्येच तुटलं.

“बॉयलरवर एक नवा गडी आलता,” ते हळूहळू म्हणाले. “लई हुशार. काटा जरा थरथरला की ह्यो धावला झडपेकडं. काटा पडला, की परत धावला. काटा हलायचा ह्याच्यामुळं, अन् ह्यो धावायचा काट्यामुळं... संध्याकाळी घामानं चिंब. वाफ काय धड मिळाली न्हाई.”

“मग काय केलंत त्याचं?”

“काय करायचं? म्होरं त्यालाच बुवा म्हनाय लागले लोक.”

आतून हौसाबाईंचं खुदकन हसू आलं. संग्राम मात्र आणखी गोंधळला. म्हणजे बुवा चुकले होते? मग आपण बरोबर आहोत, की आपणही...? त्याला धड काही लागेना.

“तर मग इथे किती घालू, बुवा?” त्याने चौकटीवर बोट ठेवलं.

...

“पाच घालू?”

...

“पाच कमी होतील. दहा? वीस घालू का? बुवा, वीस फार होतील. खरंच तापला तर? बरं, मीच आठ घालतो...”

“आवं इंजिनेर!” हौसाबाई परात घेऊन दारात आल्या. हात कोपरापर्यंत पिठात. “त्येंनी चारदा तोंड उघडलं. चारदा तुमी त्यात आपलाच घास कोंबला. बोलू द्या की त्यास्नी!”

संग्रामने मान वर केली.

बुवांचं तोंड खरंच अर्धवट उघडं होतं...

चारदा? आज चारदा. आणि सहा वर्षांत किती वेळा? त्याने ओठ घट्ट मिटले. एवढं साधं करायला किती जोर लागतो, हे त्याला पस्तिसाव्या वर्षी कळत होतं.

...

...

“बारा,” बुवा म्हणाले.

“पण खरंच तापला तर बारा सेकंद...”

“बारा सेकंदांत मरतोय का त्यो?”

“नाही. मरत नाही.”

“मग घाई कुणाला हाय?”

संग्रामने बारा घातले. मशीन सुरू झालं, प्रोग्रॅम उघडला, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला. खोलीत पंख्यांची फक्त बारीक सळसळ उरली.

“बोला, बुवा.”

“काय बोलू?”

आकडा एकसष्टवर उडाला. संग्राम पडद्यावर वाकला... साठ... बावन्न... अठ्ठेचाळीस. पंखे जागचे हलले नाहीत.

“जमलं!” तो ओरडणार होता, पण ओरडला नाही. डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. जमलं होतं आणि हाती उद्याचा एक दिवस होता. “बोला बुवा. निरूपण करा, आशीर्वाद द्या, काहीही बोला. सगळ्यांना ऐकायचंय.”

बुवांनी मान हलवली. पाटावरचा मायक्रोफोन उचलून दोघांच्या मधोमध ठेवला.

“तू इचार.”

संग्राम गडबडला. एवढा थोडा आवाज उरलेला आणि तो आपल्या घरच्या भांडणावर खर्च करायचा? लोक काय म्हणतील? पण बुवा वाट बघत होते, आणि प्रश्न त्याच्याकडे एकच होता.

“बुवा... दादाला मी काय म्हणू?”

...

कालव्याच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. आकडा छप्पन झाला, उतरला. पंखे तसेच.

...

माफी मागू का, हे जिभेवर आलं. त्याने गिळलं.

...

पत्र लिहू का, हेही आलं. तेही गिळलं. हौसाबाई परात तशीच धरून दारात उभ्या होत्या. बुवा त्याच्याकडे बघत होते आणि तो बुवांकडे. आता त्याला घाट दिसत होता, पंचा पिळणारे दादाचे हात दिसत होते. दादा त्या दिवशी आणखी काही सांगणार होता. वडील शेवटी काय म्हणाले, कसे गेले, आपण उशाशी एकटे कसे बसलो होतो. ते सगळं त्याच्या तोंडात तसंच राहिलं होतं. संग्राम रडू लागला. हुंदक्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये गेला, आकडा उडाला, खाली आला.

...

...

बुवांनी खिशातून संग्रामचाच फोन काढला. मघाशी सतत वाजतो म्हणून काढून घेतलेला. तो त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

“लाव त्याला. अन् त्यानं उचलला की तू काय बी बोलू नगंस.”