शेवटचा शब्द मुलांचा

“मग मुलं मला काही विचारत का नाहीत, महाराज?”

गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या टेकाडावर मठ होता. मठ कसला, पत्र्याची पडवी आणि मागे एक खोली. उत्तमपुरी महाराज पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होते. समोर धोंडगे गुरुजी. शाळा सुटल्यावर तडक चढून आलेले, अजून धाप लागलेली.

महाराजांनी एक खडा उचलून अंगणात टाकला.

“तू शिकवतोस कसा?”

हा प्रश्न गुरुजींच्या आवडीचा. त्यांनी रंगून सांगितलं. सातवीला विज्ञान. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. मुलाच्या मनात शंका यायच्या आत तिचं उत्तर फळ्यावर हजर. आणि पोरांनी पेंगू नये म्हणून त्यांची एक जुनी पद्धत होती. वाक्य सांगायचं, शेवटचा शब्द सोडून द्यायचा. तो मुलांनी एका सुरात पुरा करायचा. ‘हृदयाला कप्पे असतात...’ म्हटलं की वर्ग गरजायचा, ‘चाऽऽर!’

ही सवय आता जिभेलाच चिकटली होती. किराणा दुकानातही गुरुजी वाक्य अर्धं सोडून दुकानदाराच्या तोंडाकडे बघत राहायचे.

“माझ्या वर्गाचा निकाल, महाराज, दरवर्षी शंभर...”

“टक्केऽ,” महाराज म्हणाले.

गुरुजींना बरं वाटलं. म्हातारा लक्ष देऊन ऐकतोय.

“खरा शिक्षक तोच, जो एकही शंका शिल्लक...”

“ठेवत नाहीऽ.”

“अगदी बरोबर.” गुरुजी खुलले. मग त्यांचा आवाज उतरला. ज्यासाठी आले, ते सांगायचं राहिलंच होतं.

गेल्या महिन्यात न्यूमोनिया होऊन ते तालुक्याच्या दवाखान्यात पडले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. उशाशी बसायला कोणी नव्हतं. वेळ जाईना की ते डोळे मिटून वर्गातला एकेक चेहरा आठवत. बरे होऊन शाळेत निघाले त्या सकाळी दाढी करता करता त्यांनी उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ‘कुठं होतात, गुरुजी?’ असं कोणी विचारलंच, तर असावं म्हणून.

कोणी विचारलं नाही. मुलं उठली, नमस्ते म्हणाली, बसली. आणि शेवटच्या शब्दाची वाट बघू लागली.

त्या दिवसापासून वर्गाकडे त्यांचं पाऊल उचलेना. नोकरी सोडून द्यावी, असं रोज मनात येत होतं. इतक्या पोरांमध्ये उभं राहून माणूस इतका एकटा कसा पडतो, हे काही त्यांना उमगत नव्हतं. हे सगळं त्यांनी महाराजांना सांगितलं.

“फार वाईट दिवस होते, महाराज. मी मरता मरता...”

“वाचलोऽ,” महाराज म्हणाले. त्याच सुरात.

गुरुजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

महाराज थांबले होते. सुपातली नजर न काढता, पुढच्या वाक्याची वाट बघत...

“महाराज, मी मरता मरता वाचलो म्हणतोय.” गुरुजी दुखावले होते.

महाराजांनी सूप एकदा पाखडलं.

तो सूर गुरुजींच्या कानातून जाईना. ओळखीचा होता. वर्गाला त्यांनीच शिकवलेला होता. अशी लाज वाटली की उठून चालू पडावं. पण खाली गावात जाऊन तरी काय, रिकाम्या खोलीचं कुलूपच उघडायचं होतं. ते बसून राहिले.

ऊन उतरलं. ओढ्यावरची जनावरं घराकडे वळली.

बोलायला काही उरलं नाही, तेव्हा गुरुजी इकडेतिकडे बघू लागले. पडवीत एकच घोंगडी. चुलीपाशी एकच ताटली. सुपात एका माणसापुरते मूठभर तांदूळ. त्यातले खडे केव्हाच संपले होते, तरी महाराजांची बोटं फिरत होती.

गुरुजी कितीतरी वर्षं या मठात येत होते. आपलं गाऱ्हाणं सांगायचं, हलकं व्हायचं आणि टेकडी उतरायची. सगळेच तसे यायचे.

“महाराज,” गुरुजी म्हणाले आणि अडखळले. पुढचं वाक्य त्यांनाही ठाऊक नव्हतं. “तुम्हाला इथं... एकटं वाटतं का?”

महाराजांचा हात थांबला.

त्यांनी मान वर करून गुरुजींकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि सरकून पायरीवर जागा केली.

“इथं बस,” ते म्हणाले. “याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.”