काच फेकून दिली तेव्हा

"मग तो बेलदार भेग बुजवत का नाही, बुवा?" श्रीपतरावांनी विचारलं.

आत्मगिरीबुवा शेंगा फोडत राहिले.

श्रीपतराव बँकेतून निवृत्त झालेले. आता मठाचा कारभार बघायचे, आणि त्यांना सगळीकडे लबाडीचा वास यायचा. मठाच्या दगडी पंगतघराला वीस वर्षांची भेग होती. दर सोमवारी त्या भिंतीला टेकून शंभरेक माणसं जेवायची, आणि रात्री बुवा तिथेच झोपायचे.

हरबा बेलदार दर दिवाळीनंतर यायचा. भेगेवर त्याने चुन्याने आडवी काचेची पट्टी बसवली होती. भिंत हलली की काच तडकते, एवढंच त्याचं शास्त्र. काच अख्खी असेल तर कौलं सारखी करून, पन्हळी साफ करून जायचा. तडकलेली दिसली की भिंतीच्या पायात दगड भरायचा आणि नवी काच लावायचा. दोन्ही वेळा मजुरी घ्यायचा.

श्रीपतरावांना यात पाणी मुरताना दिसलं. दुभती म्हैस कोण आटू देईल?

त्यांनी हरबाला गाठून विचारलं. तो म्हणाला, "भेग जिती हाय, आण्णा. बुजवून चालायचं न्हाई."

असली उत्तरं त्यांनी उभ्या नोकरीत कर्जबुडव्यांकडून ऐकली होती. त्यांचं डोकंच फिरलं.

पुढे बुवा पंधरा दिवस परगावी गेले. श्रीपतरावांनी शहरातून माणसं आणली, भेगेत सिमेंट ठासलं, वरून पिवळा रंग दिला. हरबाला निरोप धाडला, यापुढे येऊ नकोस.

बुवा परतले. श्रीपतरावांनी त्यांना हौसेने भिंतीपाशी नेलं.

"एकदाच खर्च झाला. आता दहा वर्षं बघायला नको."

बुवांनी भिंतीवरून हात फिरवला.

"काच काढलीस?"

"काढली. फेकून दिली."

"तडकलेली होती, का अख्खी?"

श्रीपतराव आठवू लागले. त्यांनी बघितलंच नव्हतं. कामावरच्या माणसांनीही नाही.

बुवा आत गेले आणि आपली घोंगडी काखोटीला मारून बाहेर आले. अंगणात चिंचेखाली त्यांनी ती अंथरली. आचाऱ्याला सांगितलं, सोमवारची पंगत इथेच बसेल.

श्रीपतरावांना ते लागलं. आपल्याच कामावर गुरूने शंका घ्यावी? हरबाने बुवांचे कान भरले की काय, असंही मनात येऊन गेलं.

"बुवा, वीस वर्षं तुम्ही ती भेग उशाला घेऊन झोपलात. आता भेग उरली नाही, तर बाहेर निघालात?"

बुवांनी घोंगडीची सुरकुती काढली.

"दिसत होती, म्हणून झोपत होतो."