गोजराबाईचं दहावं कडं

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. तिच्यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तरी भर चावडीत माझी मिशी उतरवा. सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, तेव्हा मी जन्मलो नव्हतो. माझ्या आजोबांचे आजोबाही जन्मले नव्हते. आणि मिशी तर मला नाहीच. पण जिथं हे घडलं ते गाव माझं आहे, आणि आपल्या गावची गोष्ट सांगायला डोळे लागत नाहीत, छाती लागते. ती माझ्याकडे आहे.

तर ज्या काळी समोरचे डोंगर अजून गुडघ्याएवढे होते, त्या काळी नदीकाठी आमचं गाव होतं आणि दूर राजधानीत एक न्यायी राजा होता.

राजाचा कायदा असा, की ज्यानं दुसऱ्याचं वाईट केलं त्यानं लोहाराकडे जाऊन हातात एक लोखंडी कडं चढवून घ्यायचं. खोटं बोललास, एक कडं. चोरलंस, एक कडं. राजाचा हेतू सरळ होता. वाईट करायला हात उचलावा तर तो जड लागावा आणि माणूस थांबावा. एकदा बसलेलं कडं निघत नसे. कानस लावली तर कानसच झिजायची, घण मारला तर घणच उडायचा. आणि दहा कडी झाली की त्या माणसानं गाव सोडून काळडोहात उतरायचं, पोहून पलीकडे जायचं. आता दहा कडी घालून कोण पोहणार? पलीकडे पोचलेलं कोणी नव्हतं आणि परत आलेलंही कोणी नव्हतं.

पण कायद्याला आणखी एक ओळ होती. ती लोहारशाळेच्या दारावर कोरलेली होती: ‘ज्याच्या हाती एकही कडं नाही, त्यानं मागून घेतलं तर दुसऱ्याचं कडं निघेल.’

असा माणूस आणायचा कुठून? आमच्या लोकांनी एकदा डोकं चालवलं. एका आठ महिन्यांच्या बाळाला पाळण्यातून उचलून आणलं आणि ‘दे’ म्हणायला शिकवायला बसले. बाळानं ‘दे’ म्हणायच्या आधी आजीच्या नाकावर लाथ मारली. त्यानंतर त्या ओळीकडे कोणी वर मान करून पाहिलं नाही.

त्यापेक्षा गावानं एक सोपी सोय लावून घेतली. विहिरीवर रांग कड्यांप्रमाणे लागायची. ज्याची कमी तो पुढं, ज्याची जास्त तो मागं. सर्वांत पुढं पाटील, कारण त्याचं कडं एकच. ते मनगटापासून कोपरापर्यंत जाड होतं, ही गोष्ट वेगळी. कोणी लोहाराला, भिवाला, त्याबद्दल विचारलं की भिवा जोरजोरात भाता ओढायला लागायचा.

सर्वांत मागं गोजराबाई. तिच्या हाती नऊ. तिची पाळी येईपर्यंत विहिरीत गाळ उरायचा.

“काय गं गोजरे, आज गाळ गोड आहे का?” रांगेतल्या बायका जाता जाता विचारायच्या.

“तुझ्या जिभेपेक्षा गोड आहे. ये, चाटून बघ!” ती म्हणायची.

एका उन्हाळ्यात गोजराबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आलेले, अंग तापलेलं. गोजराबाई घागर घेऊन थेट रांगेच्या तोंडाशी गेली.

“पाटील, एक घागर. एकच. लेकीला गाळ पाजू का?”

“रांग म्हणजे रांग,” पाटील म्हणाला.

गोजराबाईचं डोकं फिरलं. कमरेचा विळा काढला आणि तिनं पोहऱ्याचा दोर कापला. दोर, पोहरा सगळं विहिरीच्या तळाला गेलं. त्या दिवशी अख्खं गाव तहानलेलं राहिलं, एक म्हातारा चक्कर येऊन पडला. आता हे वाईटच झालं, मी तिची बाजू घेणार नाही. तिनंही घेतली नाही. “कापला मीच,” ती म्हणाली. “लपवायचं काय त्यात?”

पाटलानं निकाल दिला: दहावं कडं. उद्या सकाळी लोहारशाळेत, तिथून सरळ काळडोहात.

घरी लेक आईचा पदर धरून बसली. “आई, तू गेल्यावर मला कोण सोडवणार?” गोजराबाई लेकीला वारा घालत राहिली. तिला भांडता यायचं, रडता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिवाकडे एक कोळसेवाला कोळसा घेऊन आला. तोंड काळं, हात काळे, बरोबर एक गाढव. दारातल्या गाढवाला भिवाच्या बायकोनं सहज विचारलं, “दमलास का रे?” तर गाढव म्हणालं, “दमू कशानं? अर्धी पोती माझ्या पाठीवरची काढून हा आपल्याच खांद्यावर घेतो. असला मालक मी जन्मात पाहिला नाही.” आमच्या गावात तेव्हा गाढवंसुद्धा माणसांची पारख करत.

लोहारशाळेत सगळं गाव जमलं होतं. भट्टीत दहावं कडं लाल झालं होतं. गोजराबाईनं हात पुढं केला. भिवानं चिमटा उचलला. तेवढ्यात कोळसेवाल्यानं आपला हात मध्ये घातला.

“हे कडं मला द्या,” तो म्हणाला. “आणि तिची ती नऊही.”

“तू रे कोण?” पाटील गरजला. “बाही वर कर!”

त्यानं बाही वर केली आणि पाणी घेऊन हात धुतला. कोळसा वाहून गेला. एकही कडं नाही! लोकांनी दुसरा हात पाहिला. तोही रिकामा. एक म्हातारी पुढं आली आणि म्हणाली, “तोंड उघड बाबा, दुधाचे दात आहेत का बघू.” दात चांगले दाढांसकट होते.

गोजराबाई त्याच्याकडे बघत राहिली. “अरे भल्या माणसा, मी काय काय केलंय ते ठाऊक आहे का तुला?”

“ठाऊक आहे.”

“सगळं?”

“सगळं. तो कोंबडासुद्धा.”

 त्या कोंबड्याचं तिनं देवालाही सांगितलं नव्हतं.

त्यानं कड्यांवर हात ठेवला मात्र, ती साबण लावल्यासारखी सुटली आणि त्याच्या हातावर जाऊन बसली. दहावं त्यानं लाललाल असतानाच चढवून घेतलं. मांस जळाल्याचा वास आला. त्यानं ओठ घट्ट मिटले, पण हात मागं घेतला नाही.

“बदल्यात तुला काय देऊ?” गोजराबाईनं विचारलं.

“हात मोकळे झाले ना? लेकीकडे जा. तिला हातांची गरज आहे.” मग तो सगळ्यांकडे वळला. “तुमचीही द्या. सगळ्यांचीच मागतोय मी. पाटील, तुमचंही.”

मग काय झुंबड! कोणी तीन दिली, कोणी सात. त्याचे दंड भरले, खांदे भरले, मान वाकली. फक्त पाटलानं हात पाठीमागं घेतला. “माझं एकच आहे,” तो म्हणाला. “ते मला शोभून दिसतं.”

आणि मग पाटलानं डोळे बारीक करून कोळसेवाल्याची कडी मोजली. “दहाच्या कितीतरी वर झाली. कायदा सगळ्यांना सारखा. चल डोहात!”

इथं मला माझ्या गावाची लाज वाटते, पण गाळून कसं चालेल? ज्यांचे हात त्यानं आत्ता मोकळे केले होते, त्यांनीच त्या मोकळ्या हातांनी त्याला ढकललं. घाबरले होते सगळे. हा गेला नाही आणि कडी परत आली तर?

वाटेत गोजराबाई आडवी पडली. “माझी मला परत दे! दोर मी कापलाय!”

तिला उठवून तो म्हणाला, “आता ती तुझी नाहीत.” मग तो डोहात उतरला. पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं, मग वरून मिटलं. काठावर एक गाढव तेवढं उभं राहिलं.

संध्याकाळी लेकीला मुलगी झाली. गोजराबाईनं बाळाला उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचे हात हलके होते, आणि पहिल्यांदाच ती रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाळाची धुणी घेऊन नदीवर गेली. काठावरच्या दगडावर एक माणूस बसला होता. हात मोकळे, मनगटांवर भाजल्याचे खोल वण.

“भिऊ नकोस, गोजराबाई,” तो म्हणाला.

गावात तिला ‘बाई’ म्हणणारा तो पहिलाच. मी आत्तापर्यंत म्हणत आलो, ते त्याचं ऐकून.

“तू... पोहून वर आलास?”

“नाही. मेलो होतो. बापानं उठवलं.”

“कोण तुझा बाप?”

“ज्याचा कायदा आहे तोच. कायदाही त्याचा आणि मीही त्याचाच. त्यानंच मला धाडलं.”

गोजराबाईच्या हातातली धुणी वाहून चालली होती, तिला भान नव्हतं. राजाचा मुलगा हसला. “कडी डोहाच्या तळाशी आहेत. कुणी बुडी मारून काढायला जाऊ नका. जा, गावाला सांग.”

“मी? माझं कोण ऐकणार? पाटलांना सांग, निदान भिवाला तरी.”

“तुझा आवाज मोठा आहे,” तो म्हणाला.

तेवढं खरं होतं. नऊ कड्यांमधली पाच त्या आवाजानंच मिळवली होती. त्याच आवाजात ती विहिरीवर ओरडली, “तो जिवंत आहे! राजाचा पोरगा होता तो! आपली सगळी कडी तळाला गेली!”

रांगेचे चेहरे पांढरे पडले. “सूड घ्यायला आला असेल,” कोणीतरी पुटपुटलं.

“सूड घ्यायचा असता तर कडी परत आणली असती की नाही, अक्कलशून्यांनो? रिकाम्या हातांनी आलाय तो!”

लोकांनी आपापल्या मनगटांकडे पाहिलं. जिथं लोखंड होतं तिथं नुसता पांढरा पट्टा होता. एकेकाचं डोकं खाली गेलं. मग एकेकाचं वर आलं, आणि ते वर आलेलं डोकं आधीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोठा घोळ झाला. रांग कशी लावायची? कडी तर नाहीत. “आधी तुम्ही घ्या.” “छे, आधी तुम्ही.” दुपारपर्यंत एक घागर भरली नाही आणि पुन्हा अख्खं गाव तहानलं. शेवटी गोजराबाईच कडाडली, “मेल्यांनो, शेजाऱ्याची भरा ना!” तेव्हापासून आमच्याकडे कोणी आपली घागर भरत नाही. शेजारी भरतो.

रांगेत फक्त पाटील उभा राहिला. एकटाच, सर्वांत पुढं, ते जाड कडं घालून. हात इतका जड, की दोर ओढवेना. गोजराबाई आली, तिनं त्याची घागर भरली आणि पायऱ्यांवर आणून ठेवली.

“मी तुला डोहात धाडत होतो,” पाटील म्हणाला.

“होय, धाडत होतात.”

“मग माझं पाणी का ओढतेस?”

“हात हलके झालेत, पाटील. नुसते झुलवत ठेवून काय करू?”

पाटील विहिरीच्या काठावर बसला. मग म्हणाला, “बाई, हे एक नाही. एकवीस आहेत. दर वेळी भिवाला दमात घेऊन जुन्यावरच थर चढवून घेतला. रांगेत पहिला राहायचं होतं.” त्यानं मान वर केली. “तो पुन्हा येईल का? माझं मागेल का?”

“मागून झालंय त्याचं. सगळ्यांचंच मागितलं होतं. तुम्हीच हात पाठीमागं घेतला होतात.”

पाटलानं हात पुढं केला. समोर कोणी नव्हतं. तरी तो म्हणाला, “घे बाबा.”

कडं गळून दगडावर पडलं आणि कांद्यासारखे त्याचे एकवीस पापुद्रे सुटले. आतला हात लहान पोराएवढा बारीक होता. त्या बारीक हातानं पाटलानं दोर धरला आणि गोजराबाईची घागर भरायला घेतली.

तेव्हापासून आमचं गाव मुलखात मिरवतं. इतर गावं सांगायची, आमचे पूर्वज कसे धुतल्या तांदळासारखे होते. आमचे तेव्हाचे लोक बाही वर करून पांढरे पट्टे दाखवायचे. “माझी सात होती!” “माझी आठ!” आणि पाटील सर्वांवर ताण करायचा, “एकवीस! मोजून एकवीस! सगळी त्यानं नेली!” आमच्याकडे चुका होत नाहीत असं नाही. पण चूक झाली की माणूस स्वतःच्या पायानं समोरच्याच्या दारात जातो, आणि हलक्या हातांनी मोडलेलं जोडून देतो. भिवा तर मग नुसते नांगराचे फाळ आणि पोहऱ्याच्या कड्या घडवायचा. असं गाव दुसरं दाखवा!

तात्पर्य: शिक्षेच्या वजनानं माणूस वाकतो, पण आपलं वजन कोणीतरी प्रेमानं आपल्या जागी वाहिलं, हे शुभवर्तमान मनाला पटलं की तो नवा होतो.

आता यातलं पदरचं काय ते कबूल करतो. गाढव बोललं नव्हतं. आणि पाटलानं दुसऱ्याच दिवशी हात पुढं केला, हेही मी जुळवलं, गोष्ट लांबू नये म्हणून. त्याला सात वर्षं लागली. सात वर्षं, रोज सकाळी, गोजराबाई त्याची घागर भरून पायरीवर आणून ठेवत होती.