सोन्याचा कळप आणि हौसाची सुई

एका राज्यात गवत उदंड होते, दूध उदंड होते, आणि राजाची हावही उदंड होती. राजाचे नाव सिंहध्वज. त्याने एकदा गावाबाहेरचे जुने गायरान खणायला घेतले. तिथे मोठे तळे करायचे आणि तळ्यात होडीतून फिरायचे, असे त्याच्या मनात होते. तिसऱ्या दिवशी कुदळ खणकन वाजली. मातीतून एक तांब्याचा रांजण निघाला. रांजणात तीन जनावरे होती, हातभर उंचीची, निखळ सोन्याची. एक बैल, एक कोंबडी, एक गाय. रांजणाच्या झाकणावर अक्षरे कोरलेली होती: हा कळप जो हलवील, त्याच्या राज्यातले गोठे ओस पडतील.

राजाने अक्षरे वाचली आणि कळप राजवाड्यात नेला.

त्याच क्षणी राज्यातले प्रत्येक पाळीव जनावर नाहीसे झाले. दावी खुंट्याला बांधलेली होती, गाठी तशाच होत्या, पण गाठीत मान नव्हती. खुराड्यात पिसे होती, कोंबड्या नव्हत्या. नांगर शेतात उभे राहिले. तान्ही मुले दुधावाचून रडू लागली. राजाने घाबरून कळप परत ठेवायला सांगितले, तर दहा पहिलवानांना एक सोन्याची कोंबडी उचलेना.

मग डोंगरावरून मायाधर नावाचा जादूगार खाली आला. दाढी गुडघ्यापर्यंत, अंगात कापसाची जाड बंडी. तो दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, "कळप माझा आहे. प्रत्येकाचे सोबती हरवले आहेत. बैलाचा जोडीदार, कोंबडीची पिले, गाईचे वासरू. ते कोणी घडवले आणि माझ्या जनावरांनी ओळखून मान वळवली, तर शाप सुटेल. लाकूड चालणार नाही, माती चालणार नाही, धातू चालणार नाही. आणि शिवण दिसता कामा नये. जिवंत जनावराला शिवण नसते."

"आणि नाही जमले तर?" राजाने विचारले.

"जो हरेल तो सोन्याचा होईल."

एका कुशल सुताराला वाटले, अट आपल्यासारख्याला नसते. त्याने सागाचा बैल कोरून आणला. बैलाने पाहिले नाही. सुतार सोन्याचा झाला आणि कळपाशेजारी उभा राहिला. पाठोपाठ एक कुंभार गेला, एक मूर्तिकार गेला. त्यानंतर कोणी पुढे येईना.

त्या राज्यात हौसा नावाची धनगरीण राहत होती. चाळिशीची, एकटी, हसऱ्या तोंडाची. तिच्याजवळ बाभळीची एक सुई होती. सुईच्या टोकाला आकडी होती. त्या एका सुईने ती लोकरीचा फासात फास ओवून टोप्या विणत असे, गोल गोल, अखंड. तिच्या बावीस मेंढ्या एका क्षणात गेल्या होत्या. मेंढ्यांच्या रिकाम्या वाड्याकडे पाहवेना, म्हणून ती दिवसभर बांधावर बसून राही. एके सकाळी तिच्याजवळ एक टिटवी येऊन उतरली.

टिटवी म्हणाली, "हौसाबाई, तुझ्या टोपीला शिवण असते का?"

"नाही."

"मग इथे काय बसलीस?"

हौसाने सुई कमरेला खोचली, रंगवलेल्या लोकरीचे गुंडे आणि कापसाचे एक गाठोडे घेतले आणि ती राजवाड्याकडे निघाली. टिटवी तिच्या खांद्यावर बसून गेली.

पहिले काम बैलाचे. हौसाने नाकापासून सुरुवात केली. सहा टाक्यांचे वर्तुळ केले, टाके वाढवत कपाळ रुंद केले, घटवत मान काढली, वाढवत वशिंड उभे केले. पोटाच्याच फासांतून चार पाय काढले. आत कापूस भरला आणि मागची उघडी बाजू टाके घटवून मिटवली. पांढराशुभ्र, देखणा बैल झाला. तिने तो सोन्याच्या बैलासमोर ठेवला.

सोन्याचा बैल हलला नाही. हौसाच्या डाव्या हाताची करंगळी सोन्याची झाली.

"एकदम का नाही झाली मी सोन्याची?" तिने विचारले.

मायाधर म्हणाला, "तुझ्या कामाला शिवण नाही. अट पाळणाऱ्याला मी दहा बोटांची सवलत देतो, दर चुकीला एक बोट."

हौसा सोन्याच्या बैलाजवळ जाऊन बसली. तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला. खांद्यावर जुवाचा घट्टा होता, पण तो सरळ नव्हता, डावीकडे उतरता होता. मानही जराशी डावीकडे झुकलेली होती.

ती टिटवीला म्हणाली, "याचा जोडीदार डाव्या बाजूला चालायचा, आणि याच्याहून ठेंगणा होता. हा मान वाकवून त्याला सांभाळून घ्यायचा."

तिने दुसरा बैल विणला. ठेंगणा, करड्या रंगाचा, आखूड शिंगांचा. एका पायात कापूस कमी भरला, म्हणजे दमलेला बैल उभा राहतो तसा तो एक पाय सैल सोडून उभा राहिला. तिने तो डाव्या बाजूला ठेवला. सोन्याच्या बैलाने मान वळवली आणि जोडीदाराच्या कानामागे नाक घासले.

दरबारातले सगळे एक पाऊल पुढे सरकले.

दुसरे काम पिलांचे. लिंबाएवढी नऊ पिवळी पिले हौसाने विणली. एकसारखी, नीटस. कोंबडीसमोर ओळीने मांडली. कोंबडी हलली नाही. दुसरे बोट सोन्याचे झाले.

टिटवीने मान वेळावली. "बाई, मी सात वेळा पिले वाढवली आहेत. एकदाही ती ओळीत उभी राहिली नाहीत."

"मग कशी असतात?"

"एक आईच्या पाठीवर चढते. दोन भांडतात. एक झोपते. आणि एक नेहमी भलतीकडे जाते. आईचा जीव त्या भलतीकडे गेलेल्यात असतो."

हौसा खळखळून हसली. तिने पिले उसवली आणि पुन्हा विणली. एक लठ्ठ, एक किडमिडे, एकाची चोच उघडी, एकाच्या डोक्यावर चुकार फास उभा. एक पाठीवर बसवले, दोन पंखाखाली सारली, पाच इकडेतिकडे सोडली. नववे पार सिंहासनाच्या पायरीखाली नेऊन ठेवले. सोन्याच्या कोंबडीने मान वळवली, पायरीकडे पाहिले आणि कडक आवाजात त्याला हाक मारली.

राजा सिंहध्वजाने आपणहून पाय बाजूला घेतला.

तिसरे काम वासराचे. हौसाने सोन्याच्या गाईकडे सबंध दिवस पाहिले. गाईच्या अंगावर एकही खूण मिळेना. शेवटी ती मायाधरापाशी गेली.

"बाबाजी, वासरू कसे होते?"

मायाधर म्हणाला, "मला ठाऊक नाही. मी जादूगार होण्याआधी गुराखी होतो. त्याच गायरानात राहायचो. साथ आली आणि सगळी गुरे, सगळी पाखरे गेली. ही तिघे शेवटच्या घटका मोजत होती. मी मंत्र शिकून त्यांना सोन्यात राखले. गाय तेव्हा गाभण होती. वासरू कोणी पाहिलेच नाही."

"मग मी ते विणू कसे?"

"ते मी सांगू शकत नाही. म्हणूनच तर ते तिसरे काम आहे."

हौसा त्याच्यासमोर मांडी घालून बसली. "गाय गाभण होती तेव्हा तुम्ही मनात त्याला काही नाव ठेवले होते का?"

"तांबू," तो पटकन म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला.

हौसाने तांबड्या लोकरीचा गुंडा काढला. "कपाळावर काही?"

"पांढरा टिळा. जरा वाकडा."

"कान?"

"मोठे. अंगापेक्षा मोठे. मला वाटायचे, ते कानांवरच अडखळून पडेल."

तो सांगत गेला, ती विणत गेली. सांगता सांगता त्याचा आवाज निवळत गेला. लांब, वेडेवाकडे पाय झाले. गुडघे जाड झाले. शेपटीला गोंडा आला. पण पोट भरायची वेळ आली, तेव्हा गाठोड्यातला कापूस संपला होता. मायाधराने आपल्या बंडीची शिवण दातांनी उसवली. आतला कापूस मूठमूठ काढून त्याने स्वतः वासराच्या पोटात भरला, फार घट्ट नाही, फार सैल नाही. हौसाने शेवटचे टाके घटवले आणि धागा आत लपवला.

मायाधरानेच वासरू गाईसमोर ठेवले.

सोन्याच्या गाईने मान वळवली. तिने वासराला हुंगले. मग जीभ काढून त्याच्या कपाळावरचा वाकडा टिळा चाटला. जिथे जीभ लागली तिथे लोकरीचे केस झाले. वासरू चार पायांवर उभे राहिले, कानांवर अडखळून पडले, आणि पुन्हा उभे राहिले.

मायाधर इतका हसला की त्याला खाली बसावे लागले.

शाप सुटला. गाईच्या अंगावरचे सोने धुळीसारखे गळून पडले आणि ती मोठी होऊन हंबरली. बैलही सोने झटकून, जिवंत झालेल्या आपल्या ठेंगण्या जोडीदारासह दरबाराबाहेर चालू लागला. कोंबडी चिवचिवणारी नऊ पिले घेऊन सिंहासनाखाली शिरली. सुतार, कुंभार आणि मूर्तिकार शिंकत शिंकत जागे झाले. हौसाची दोन्ही बोटे पूर्वीसारखी झाली. राज्यभर खुंट्यांना बांधलेली दावी ताणली गेली, कारण दुसऱ्या टोकाला गुरे ओढत होती. हौसाच्या वाड्यात बावीस मेंढ्या एकदम ओरडू लागल्या.

राजाने गायरान बुजवून पूर्ववत केले आणि मायाधराला दिले. मायाधराने दाढी अर्धी कापली आणि पुन्हा गुरे राखू लागला. राजाने हौसाला विचारले, "बाई, तुला काय देऊ?"

"महाराज, आठवड्यातून एक दुपार राजवाड्याचे अंगण द्या. ज्याला विणायला शिकायचे असेल त्याला येऊ द्या."

राजाने अंगण दिले. लेकुरवाळ्या आल्या, म्हातारे आले, पोरे आली. कोणी डुक्कर विणले, कोणी बदके, कोणी शेळ्या. पाचव्या आठवड्यात खुद्द राजा सुई घेऊन येऊन बसला. महिनाभर खपून त्याने एक कोंबडा पुरा केला आणि दोन्ही हातांत धरून सर्वांना दाखवला. तो थेट फणसासारखा दिसत होता. अंगणातले कोणी तसे म्हणाले नाही.

टिटवी म्हणाली. राजा हसला, कोंबडा उसवला आणि पुन्हा सहा टाक्यांपासून सुरुवात केली. असे ते राज्य सुखाने नांदले.