सगुणाची पैज

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा नामांकित पैलवान राहत होता. तालमीतल्या पोरांना तो सारखा बजावायचा, "अंग आणि विहीर सारखीच. उपसा थांबला, की दोन्ही नासतात!"

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्याच्या घरात पाळणा हलला नव्हता. एके दिवशी त्याची बायको सगुणा लाजत म्हणाली, "अहो, मला दिवस गेलेत." झालं! हैबतीनं जागच्या जागी शड्डू ठोकला. गावभर गूळ वाटला. दिसेल त्याला मिठी मारली. म्हाताऱ्या कुंभाराच्या तर बरगड्या दुखायला लागल्या.

पण घराकडे परतताना त्याच्या काळजात चर्र झालं. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली होती. सगुणालाही काही झालं तर?

त्यानं घरात पाऊल टाकलं ते हुकूम सोडतच. "आजपासून तू खाटेवरून उठायचं नाही!" सगुणाच्या हातातली केरसुणी गेली, पाण्याची घागर गेली, अंगणातली तुळससुद्धा तिला दुरून बघावी लागली. हैबती स्वतः चूल फुंकायचा आणि तिच्या ताटात तुपाची धार धरायचा.

महिने सरले. सगुणाची कंबर धरली, पाय जड झाले, अन्न गोड लागेना. हैबतीला वाटलं, अशक्तपणा आलाय. त्यानं तूप वाढवलं.

शेवटी सगुणानं भिवराक्का सुईणीला बोलावून घेतलं. भिवराक्कानं तिला नीट तपासलं. "पोरगी ठणठणीत आहे, बाळही खुशाल आहे. पैलवान, हिला जरा हिंडूफिरू दे."

"नाही!" हैबती गरजला. "माझी आई शेवटपर्यंत राबत होती. तिचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

"तुझी आई उपाशीपोटी ओझी वाहत होती रे," भिवराक्का म्हणाली. "राबणं वेगळं आणि फिरणं वेगळं." पण हैबतीनं कानावर हात ठेवले.

सगुणा भांडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "बरं, मी पडून राहते. पण बाळ दोघांचं आहे. मी पडून आहे तोवर तुम्हीही पडून राहायचं. कबूल?"

पैलवानाला कुणी पैज लावावी आणि त्यानं नाही म्हणावं? "कबूल!" म्हणत हैबतीनं शेजारी खाट टाकली. जेवणखाण बघायला शेजारीण आली.

पहिल्या दिवशी त्याला मौज वाटली. मग पाठ आखडली. मग भूक मेली. पुढं पुढं तर कौलावर चिमणी चिवचिवली तरी तो खेकसायला लागला. सगुणा मात्र गालातल्या गालात हसत होती.

पंधरवडा उलटला आणि तालमीतून हलगीचा कडकडाट आला. हैबतीला राहवेना. तो उठला, धावतच आखाड्यात शिरला आणि एका कोवळ्या पठ्ठ्याशी भिडला. पण पाय उचलेना, दम पुरेना. आणि बघता बघता त्या पठ्ठ्यानं आपल्या वस्तादाला अस्मान दाखवलं!

हैबती तांबड्या मातीत उताणा पडला होता. त्याला वाटलं, दोन आठवड्यांत माझी ही गत झाली, आणि तिला मी कित्येक महिने झोपवून ठेवलंय. तेही तिच्यापुढं सगळ्यांत मोठी झुंज असताना!

तो मातीनं माखलेलाच घरी धावला. "सगुणा, ऊठ! माझं चुकलं!"

पण पैलवानच तो. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला थेट टेकडीच्या वाटेला लावलं. "चल, आणखी थोडं! दम खायचा नाही!"

सगुणा मटकन दगडावर बसली. "अहो, मला आखाड्यात नाही उतरायचं, बाळंत व्हायचंय!"

ही हकिगत कळली तेव्हा भिवराक्का पोट धरून हसली. मग तिनं दोघांना समोर बसवलं. "चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागली की बसायचं. ओझं उचलायचं नाही. आणि पोटात दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर तिथंच थांबून मला हाक मारायची."

तेव्हापासून रोज ओढ्याकाठच्या सपाट वाटेवर दोघं गप्पा मारत चालू लागली. सगुणाच्या गालावर लाली आली, झोप गाढ लागू लागली. तिला पाहून गावातल्या आणखी दोघी गर्भारणी भिवराक्काला विचारून फिरायला निघाल्या. त्यांच्या हसण्यानं ओढ्याचा काठ गजबजून गेला.

आणि एका पहाटे कळा सुरू झाल्या. हैबती अंगणात येरझाऱ्या घालत होता. ऊन अंगणात उतरलं आणि आतून टाहो फुटला. खणखणीत!

"पैलवान, मुलगी!" भिवराक्का दारातून ओरडली. "आणि आई एकदम धडधाकट! शेवटपर्यंत दम टिकवला हिनं."

हैबती आत धावला. घामानं चिंब झालेली सगुणा हसत होती. "काय हो, भ्याला होतात ना?"

हैबतीनं चिमुकल्या लेकीला छातीशी धरलं. उभ्या आयुष्यात कुणापुढं न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडून निघाला. "भ्यालो होतो. फार भ्यालो होतो." आणि दुसऱ्या क्षणी तो लेकीला घेऊन दारात आला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "हलगी वाजवा रे! माझ्या घरी लेक आली!"

तात्पर्य: भीतीपोटी केलेली माया माणसाला जखडून टाकते. गरोदरपण म्हणजे आजार नव्हे; जाणत्याचा सल्ला घेऊन, झेपेल तेवढं हिंडतंफिरतं राहण्यातच आईचं आणि बाळाचं भलं असतं.