मेण्यातून पाहिलेला मुलूख

अहो, त्या दिवशी सोनकडाच्या दरबारात काय गर्दी! रशियाहून आलेले झाबेलिन साहेब महिनाभर मेण्यात बसून आमचा मुलूख फिरले होते. आज त्यांच्या प्रवासवर्णनावर 'सर्व खरे आहे' असा शिक्का राजेसाहेब उठवणार होते!

दुभाषा वाचू लागला, "इथल्या लोकांना बोलता येत नाही, ते नुसते हुंकारतात. ताठ उभं राहणंही त्यांना ठाऊक नाही."

दरबारी मंडळींनी माना डोलावल्या. राजेसाहेबांनी शिक्का उचलला, तोच साहेबांचा मेणा वाहणारा सटवाजी भोई पुढे धावला.

"थांबा सरकार! पावलं जुळावीत, साहेबांचा चहा सांडू नये, म्हणून आम्ही हुंकारत होतो. आता मलाबी पुस्तक लिहायचंय, रशियावर!"

साहेब खो खो हसले. दुभाष्याकरवी त्यांनी विचारलं, "रशिया कधी पाहिलास तू?"

"आत्ता बघतो की! मी मेण्यात बसतो. तुम्ही दांडा खांद्यावर घ्या आन् वेशीपर्यंत चला. तुमच्याकडची माणसं किती ताठ चालतात, किती गोड बोलतात, समदं लिहितो!"

दरबारात हशा उसळला. राजेसाहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि हुकूम सोडला, "अरे, मेणा आणा रे!"